जमिनीवरचें जहाज

आमच्या पनवेलच्या घरांत माळ्यावर जाण्यासाठीं एक लांकडी शिडी आहे. लहानपणीं तिच्यावर चढतांना आम्हां सर्व भावंडांस एकच बोलणें खावें लागे. "आडव्याला हात लावूं नकोस, उभा दांडा धर!" असें अण्णाकाका ओटीवरून ओरडत. आडव्या पायरीस हात लावला तर काय बिघडतें, हें त्यांनीं कधीं उलगडून सांगितलें नाहीं, आणि विचारण्याची आमची छाती नव्हती. फार झालें तर "वरच्याचा पाय बोटांवर पडेल" एवढें म्हणत. वर कोणीच नसे. पण आम्ही उभा दांडा धरीत असूं.

अण्णाकाका म्हणजे आमच्या वडिलांचे धाकटे बंधु. दुसऱ्या महायुद्धांत ते घरच्यांच्या मनाविरुद्ध आरमारांत गेले आणि १९४६ सालीं परत आले. परत आल्यावर आजोबांनीं त्यांस पंचगव्य दिलें कीं नाहीं याविषयीं आमच्या घरांत दोन मतें आहेत. युद्धाविषयीं त्यांस कोणीं कांहीं विचारलें नाहीं, याविषयीं मात्र एकमत आहे. पुढें त्यांनीं एका पेढीवर हिशेब लिहिण्यांत सारा जन्म काढला. ते जाऊनहि आतां पुष्कळ वर्षें झालीं. गेल्या दिवाळींत माळा झाडतांना त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हां तींत एक निळ्या पुठ्ठ्याची वही निघाली. पहिल्या पानावर दोन गांवांचीं नांवें होतीं : खडकवासला आणि मार्वे. पुढें पानोपान तिथि, भरतीची वेळ आणि समोर आणखी एक वेळ, असे तीन रकाने. याव्यतिरिक्त अवाक्षर नाहीं.

या दोन गांवीं जाऊन यावें असें घरांत ठरलें. आम्ही म्हणजे आम्ही दोघें, धाकटे दीर-जाऊ आणि पुतण्याची दहा वर्षांची मुलगी, अशीं पांच माणसें. मुलीस शाळेच्या सहलीपेक्षां हें बरें वाटलें, कारण वाटेंत वडे मिळावयाचे होते.

निघण्यापूर्वीं आमच्या गांवाविषयीं थोडें सांगणें प्राप्त आहे. कारण नौकेंतून फौज उतरविणें ही गोष्ट पनवेलला नवी नव्हे. आज पनवेल म्हटलें म्हणजे लोकांस उड्डाणपूल, गाड्यांच्या रांगा आणि विमानतळ आठवतो. परंतु आगगाडी घाटावर जाण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जाणारा मनुष्य मचव्यानें पनवेलास येई आणि तेथून बोरघाटाची वाट धरी. समुद्र संपून देश सुरू व्हावयाचें तें हें बंदर. राघोबादादांस गादीवर बसविण्याच्या मिषानें मुंबईकर इंग्रजांची फौज नोव्हेंबर १७७८ मध्यें निघाली, ती याच वाटेनें. तोफा, दारूगोळा, तंबू आणि हजारों बैल खाडीच्या चिखलांतून कांठास लावून ती इतक्या संथपणें चालली कीं, घाट चढून जावयास डिसेंबर सरत आला. पुढें कार्ल्याजवळ आपल्या लोकांनीं ज्यास इष्टूर फांकडा म्हटलें तो स्टुअर्ट पडला, आणि जानेवारी १७७९ मध्यें वडगांवास त्या फौजेस तह करावा लागला. नौकेंतून उतरणें ही एक विद्या आहे, आणि ती न शिकतां उतरलें तर काय होतें, याचा धडा आमच्या खाडीनें असा पूर्वींच देऊन ठेविला होता. तो इंग्रजांनीं गिरविला तो मात्र सुमारें एकशेंपासष्ट वर्षांनीं, आणि तोहि त्याच घाटाच्या माथ्यापलीकडे.

बोरघाटाचें वर्णन आम्ही करीत नाहीं. नव्या रस्त्यानें तो चढून जातांना बोगद्यांच्या दिव्यांशिवाय फारसें कांहीं दिसत नाहीं.

खडकवासल्यास पोहोंचलों तेव्हां ऊन कलतें झालें होतें. धरणाच्या बाजूस रस्त्यालगत भाजलेलीं कणसें, कांदाभजीं आणि घोड्यावरची रपेट यांची जत्राच भरलेली असते. या गर्दीकडे पाठ करून उभें राहिलें म्हणजे समोर मुठेचें अडविलेलें पाणी दूरवर पसरलेलें दिसतें. हें तळें एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत फाइफ नांवाच्या लष्करी इंजिनिअरच्या आंखणीनें झालें, व त्याच्याच नांवानें इंग्रज त्यास ओळखीत. विश्वेश्वरय्यांनीं योजिलेले आपोआप उघडणारे दरवाजे येथेंच १९०३ सालीं प्रथम बसले. पुण्याच्या पिण्याच्या पाण्याचें आणि मुठेच्या कालव्याचें हें मूळ. येथें समुद्राचा कांहीं संबंध असेल असें कोणासहि वाटणार नाहीं; जवळचा किनारा सह्याद्रि ओलांडून पलीकडे आहे.

तरी महायुद्धाच्या काळांत याच तळ्याच्या कांठीं समुद्रावरून शत्रूच्या किनाऱ्यावर उतरण्याचें शिक्षण देणारें केंद्र होतें. १९४२ सालीं जपाननें ब्रह्मदेश, मलाया आणि अंदमान बेटें घेतलीं. तीं परत घ्यावयाचीं तर जंगलांतून चालत जाणें किंवा समुद्रावरून जाऊन उतरणें, हे दोनच मार्ग. दुसऱ्या मार्गासाठीं पायदळ, आरमार आणि विमानदळ या तिघांस एका तालांत काम करावयास शिकविणें अवश्य होतें. पावसाळ्यांत कोंकणचा समुद्र लहान नौकांस चार महिने बंद असतो, हें आम्हां खाडीकांठच्या माणसांस कोणी सांगावयास नको. तळ्यास पावसाळ्याची भीति नाहीं, भरती-ओहोटी नाहीं, चुकला तर मनुष्य वाहून जात नाहीं. मुळाक्षरें गिरविण्यास ही पाटी उत्तम.

आणि या पाटीच्या उत्तर कांठावर एक जहाज उभें केलेलें होतें. पाण्यांत नव्हे, जमिनीवर! त्याचें नांव 'एच्. एम्. एस्. अँगोस्टुरा'. तें कधींच कोठें गेलें नाहीं, जाण्यासाठीं केलेलेंहि नव्हतें. जहाजाच्या कडेवरून खालच्या नौकेंत उतरण्याचा सराव करण्यापुरतें तें सोंग होतें.

या शिक्षणाची रीत आम्हीं प्रवासास निघण्यापूर्वीं वाचून घेतली, आणि ती वाचतांना आमच्या अंगावर कांटा आला. मोठें जहाज किनाऱ्यास लागूं शकत नाहीं. तें खोल पाण्यांत उभें राहतें. त्याच्या कडेवरून जाड दोरांचें मोठें जाळें खालीं सोडलेलें असतें. पाठीवर ओझें, खांद्यास बंदूक अशा स्थितींत शिपायांनीं चौघे-चौघे मिळून त्या जाळ्यावरून खालीं हेलकावणाऱ्या नौकेंत उतरावयाचें. ओझ्याचे बंद सैल ठेवावयाचे, म्हणजे पाण्यांत पडल्यास तें चटकन टाकतां येतें. पाय आडव्या दोरांवर ठेवावयाचे. पण हात आडव्या दोरांस लावावयाचा नाहीं, उभाच दोर धरावयाचा. कारण उघड आहे. आडवा दोर धरला तर वरून उतरणाऱ्याचा बूट बोटांवर पडतो, हात सुटतो, आणि मनुष्य जहाज व नौका यांच्या फटींत जातो.

आमच्या माळ्याच्या शिडीचें रहस्य हें असें पन्नास वर्षांनीं उलगडलें.

खालची नौका सपाट तळाची, पुढच्या बाजूस पडदा असलेली. तींत पस्तीसेक लोक तीन रांगांनीं दाटीवाटीनें बसत. तळ वाळूस टेकला कीं पुढचा पडदा खालीं पडे, आणि लोकांनीं क्षणाचा विलंब न लावतां पाण्यांत उडी घेऊन किनाऱ्याकडे धांवावयाचें. नौका हांकणाऱ्या खलाशानें मात्र त्यांच्याबरोबर उतरावयाचें नाहीं. त्यानें पडदा वर घेऊन, मागें सरून, पुढचे पस्तीस आणावयाचे. अण्णाकाका या खलाशांपैकीं एक होते, असें वहीवरून आम्ही समजतों. उतरणाऱ्यांना पाहत राहणें हेंच त्यांचें काम. ओटीवरून आमच्या बोटांवर त्यांचा डोळा कां असे, हें आतां कळतें.

आम्ही ज्या बाजूस उभीं होतों तेथून उत्तरेचा कांठ दिसतो; पण तेथें जातां येत नाहीं. तो राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या हद्दींत आहे. स्वातंत्र्यानंतर भूदल, नौदल आणि विमानदळ या तिन्हींच्या विद्यार्थ्यांस एकत्र शिक्षण देणारी संस्था काढावयाचें ठरलें, तेव्हां जागा निवडतांना या जुन्या केंद्राचें व त्या जमिनीवरच्या जहाजाचें अस्तित्व हेंहि एक अनुकूल कारण धरलें गेलें. ६ ऑक्टोबर १९४९ रोजीं पंडित नेहरूंनीं कोनशिला बसविली, आणि १९५४ च्या डिसेंबरांत संस्था देहराडूनहून येथें आली. सुदान सरकारनें भारतीय शिपायांच्या स्मरणार्थ दिलेल्या पैशांतून झालेल्या 'सुदान ब्लॉक'चा घुमट सिंहगडावरूनहि ओळखूं येतो. तळ्याच्या ज्या कोपऱ्यास 'पीकॉक बे' म्हणतात, तेथें प्रबोधिनीचे विद्यार्थी आजहि शिडाच्या होड्या शिकतात. म्हणजे या कांठाचें काम बदललें नाहीं. शिकविणारे व शिकणारे बदलले.

पाण्यानें मात्र मध्यंतरीं एक फेरा घेतला. १२ जुलै १९६१ रोजीं वरचें पानशेत धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंहि धरण फुटलें, आणि पुण्याची जी वाताहत झाली ती आमच्या वाचकांच्या घरोघर सांगितली जात असेल. जुन्या तळ्याचें पाणी त्या दिवशीं पुण्यावरून वाहून गेलें. आज दिसतें तें तळें त्याच खळग्यांत पुन्हां भरलेलें. पाण्यावर कशाची खूण राहील अशी अपेक्षा धरणें वेडेपणाचें आहे.

दुसऱ्या दिवशीं आम्ही सिंहगडावर गेलों. माघ वद्य नवमी होती, तानाजीचा दिवस. गडावर गर्दी होती, फुलें होतीं, पोवाडा चालला होता. १६७० सालीं दोर लावून कडा चढलेल्या माणसांची आठवण आम्हीं साडेतीनशें वर्षें जिवापाड जपली, आणि तें योग्यच झालें. पण त्याच कड्याच्या पायथ्याशीं, ऐंशी वर्षांपूर्वीं, दोरावरून खालीं उतरावयास शिकलेल्या हजारों पोरांचा कोठें एक दगडहि आम्हांस दिसला नाहीं. तीं परक्या राजाच्या चाकरींत होतीं, म्हणून असेल. आमच्या घरानेंहि काकांस याच कारणानें कधीं कांहीं विचारलें नसावें.

या शिक्षणाचें पुढें काय झालें तें ऐकण्यासारखें आहे. १९४३ च्या अखेरीस अंदमानवर उतरण्याचा बेत कैरो व तेहरान येथील वाटाघाटींत बारगळला, आणि उतरण्याच्या नौका युरोपकडे वळविण्यांत आल्या. आमच्या देशावर समुद्रचढाईची तालीम घेतलेली दुसरी ब्रिटिश डिव्हिजन नगर भागांत तयार होऊन बसली होती. १९४४ च्या वसंतांत जपानी फौजा नागा टेकड्यांत घुसल्या, तेव्हां ही डिव्हिजन आगगाडीनें हिंदुस्थान ओलांडून दिमापुरास गेली आणि कोहिम्याच्या डोंगरावर लढली. दोराच्या जाळ्यावरून उतरावयास शिकलेले लोक चिखलाच्या उतारावर वर चढतांना पडले. समुद्र त्यांच्यापासून शेंकडों मैल दूर होता.

ज्यांच्या वांट्यास खरोखरच किनारा आला, ते पुढच्या वर्षीं आराकानांत उतरले. जानेवारी १९४५ मध्यें अक्याब, म्येबोन, रामरी, कांगाव आणि मे महिन्यांत रंगूनच्या नदीमुखाशीं. यांत हिंदी आरमाराच्या नौका व खलाशी होते. सर्वांत मोठी चढाई मलायावर व्हावयाची होती. पण ती निघेपर्यंत जपान शरण आला. ठरलें होतें म्हणून ९ सप्टेंबर १९४५ रोजीं, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आगेमागे, २३ व्या व २५ व्या हिंदी डिव्हिजनचे लोक मोरीबच्या किनाऱ्यावर उतरले. २३ व्या डिव्हिजनमध्यें मराठा पलटणीहि होत्या. समोर शत्रु नव्हता. वाळूच्या पातळ थराखालीं चिखल होता, आणि त्यांत गाड्यांमागून गाड्या रुतून बसल्या. गोळीबार चालू असता तर काय झालें असतें, याची कल्पना करवत नाहीं. सर्व शिकवून झालें तरी किनाऱ्याखालचा चिखल कोणीं शिकविला नव्हता. पनवेलच्या कोळ्यांस विचारलें असतें तर त्यांनीं चालून पाहावयास सांगितलें असतें.

इंग्लंडांत डेव्हन परगण्याच्या किनाऱ्यावर अमेरिकन फौजेनें अशीच तालीम घेतली. ब्रॉन्टनच्या वाळूच्या टेकड्यांत शिपायांच्या सरावासाठीं ओतलेल्या कांक्रीटच्या नौका आजहि आहेत, आणि तिकडील लोकांनीं त्यांचीं मापें घेऊन नकाशे केले आहेत. त्याच परगण्यांत स्लॅप्टनच्या आसपासच्या सुमारें तीन हजार लोकांस १९४३ च्या अखेरीस घरें सोडावीं लागलीं, आणि एप्रिल १९४४ च्या सरावांत जर्मन नौकांच्या हल्ल्यानें शेंकडों अमेरिकन तरुण बुडाले. बुडालेला एक रणगाडा पुढें १९८४ सालीं समुद्रांतून काढून तेथें स्मारक म्हणून ठेवला आहे. आमच्याकडे राहतें तें वेगळ्या रीतीनें राहतें. कल्याणजवळची लष्करी छावणी निर्वासितांस दिली, तिचें उल्हासनगर झालें. तरी तेथील मनुष्य अजून आपला पत्ता 'कॅम्प नंबर' धरूनच सांगतो. कांक्रीट गेलें, आंकडा उरला.

वहींतलें दुसरें गांव मार्वे. तेथें आम्ही फाल्गुन शुद्ध पंचमीस गेलों. मालाडहून पश्चिमेस, खाडीच्या मुखाशीं हें ठिकाण; एका बाजूस आक्सा आणि मढ, पलीकडे मनोरी. तळ्यावर अक्षरओळख झाली कीं खरी परीक्षा असल्या किनाऱ्यावर. येथें मुंबईच्या समुद्राची भरती आहे, जी उधाणास दोन पुरुष चढते; येथें उताराची वाळू आहे, आणि आंतून ओढणारें पाणी आहे. आक्सास पोहणाऱ्यांचे बळी अजूनहि जातात. भरतीस नौका फार पुढें आणली आणि लोक उतरवितांना विलंब झाला, तर ओहोटी तिला वाळूवर कोरडी टाकून जाते, आणि मग पुढली भरती येईपर्यंत ती शत्रूपुढें पसरलेलें निशाण होते. म्हणून या विद्येंत सर्व कांहीं वेळेवर अवलंबून.

या किनाऱ्यावर हिंदी आरमाराच्या नौका-शाखेचें केंद्र होतें. मंडपम येथें सुरू झालेलें हें केंद्र युद्धकाळांतच येथें आलें. त्याचें नांव 'हमला'. नांव आजहि तेंच आहे. काम मात्र पुढें नौदलाच्या पुरवठ्याचें, भांडाराचें आणि स्वयंपाक्यांचें शिक्षण देण्याचें झालें. हमल्याच्या घरांत पोळ्या लाटावयास शिकवितात हें ऐकून आमच्या जाऊबाईंस फार समाधान वाटलें. दाराच्या पलीकडे अर्थात् जातां आलें नाहीं. भिंत, पहारा, माड, आणि मागें समुद्राचा आवाज, एवढेंच पाहिलें.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजीं मुंबईंत 'तलवार'वर खलाशांनीं अन्न नाकारलें, आणि तो वणवा दोन दिवसांत ठाण्याच्या 'अकबर'वर व मार्व्याच्या 'हमला'वर पोहोंचला. २३ तारखेस तो शमला. काकांच्या वहींतील शेवटची नोंद त्या महिन्याच्या पंधरवड्यांतली आहे. पुढचीं पानें कोरीं. उन्हाळ्यांत ते घरीं आले होते. युद्ध संपल्यामुळें इतर हजारों खलाशांप्रमाणें त्यांस मोकळें केलें, कीं आणखी कांहीं घडलें, हें त्यांनीं सांगितलें नाहीं. एक वेळ आजी म्हणाल्याचें आठवतें कीं, आल्यावर पहिले आठ दिवस तो पानावर बसे, पण जेवावयास सांगावें लागे. आम्हीं तें लहानपणीं ऐकून सोडून दिलें होतें. मार्व्याच्या रस्त्यावर उभीं असतां तें आठवलें, आणि दीर बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. परकी चाकरी केली म्हणून ज्यास आम्हीं विचारलें नाहीं, त्यानें कदाचित् त्याच चाकरींत आमच्यासाठीं ताट दूर सारलें असेल. विचारावयास आतां मनुष्य उरला नाहीं.

वहींतील रकान्यांचा उलगडा मात्र धक्क्यावर झाला. आमच्या घरांत भरतीची वेळ पंचांगावरून काढण्याची जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजतां मुंबईस भरती. अष्टमीस सहाला, चतुर्थीस तीनला. काकांनीं पहिल्या रकान्यांत तिथि लिहिली होती, दुसऱ्यांत आजोबांच्या रीतीनें काढलेली वेळ, आणि तिसऱ्यांत, आम्हांस वाटतें, प्रत्यक्ष पाणी चढल्याची वेळ. गोऱ्या अधिकाऱ्यांचीं छापील कोष्टकें हाताशीं असतांना मुलगा पित्याचें गणित समुद्रावर ताडून पाहत होता, आणि या पित्याशीं तेव्हां त्याचा पत्रव्यवहारहि नव्हता.

मुलीनें बोटांवर हिशेब केला : पंचमी, म्हणजे पावणेचार. आम्ही मनोरीच्या तरीच्या धक्क्यावर पायऱ्या मोजीत बसलों. पावणेचार झाले, चार झाले. पाणी अजून एकेक पायरी घेतच होतें. तें स्थिरावलें तेव्हां सव्वाचार होऊन गेले होते. मुलगी हिरमुसली. आम्हीं वही उघडून तिला तिसरा रकाना दाखविला. तेथेंहि पंचमीपुढें पावणेचार लिहून त्याच्यासमोर चार-वीस लिहिलेले होते, आणि खालीं पेन्सिलीनें एक बारीक रेघ.